बीव्हरची दोन कातडी आणि तिजोरीची किल्ली

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने तेरा वर्षांच्या अंतराने दोन दूरचे मुलूख खासगी मालकांच्या पदरात टाकले. मार्च १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले. खंड ठरला वर्षाला १० पौंड, तोही सोन्यात, दर ३० सप्टेंबरला. मार्च १६८१ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर नदीच्या पश्चिमेचा जंगलमुलूख, म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, विल्यम पेन या क्वेकर गृहस्थाला दिला. क्वेकर म्हणजे शस्त्र न धरणारा, शपथ न घेणारा ख्रिस्ती पंथ. त्याचा खंड बीव्हर या पाणथळीतल्या केसाळ प्राण्याची दोन कातडी, दर १ जानेवारीला विंडसरच्या किल्ल्यावर पोचती करायची. शिवाय सोनेचांदी सापडलीच तर तिचा पाचवा हिस्सा. दोन्ही सनदांची कायदेशीर भाषा एकाच साच्यातली आहे. मुंबई ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीचा भाग समजून धरायची, पेन्सिल्व्हेनिया विंडसरच्या किल्ल्याचा. कारकुनाने जुना मसुदा काढून नावे तेवढी बदलली असावीत असे वाटते.

पुढे मात्र या दोन मुलखांच्या वाटा पार फुटल्या. पेन्सिल्व्हेनियात दरवर्षी निवडून येणारी, स्वतःच्या मर्जीने बसणारी आणि उठणारी, गव्हर्नरला पगारासाठी तिष्ठत ठेवणारी असेंब्ली उभी राहिली. मुंबईत तसे काही झाले नाही. याचे सरधोपट उत्तर पाठ्यपुस्तकांतून मिळते: पेन उदार होता, सहिष्णू होता, त्याने प्रजेला चांगली राज्यघटना दिली. मला हे उत्तर अर्धवट वाटते. पेनने दिलेली घटना चालली नाही. जी चालली ती प्रजेने पैसा अडवून, घासाघीस करून त्याच्याकडून आणि त्याच्या वारसांकडून काढून घेतली. आणि या घासाघिशीची किंमत ज्यांच्या हाती तिजोरीची किल्ली नव्हती त्यांच्या अंगावर पडली. ही दुसरी बाजू पेनचे गोडवे गाणारे सांगत नाहीत आणि असेंब्लीचे गोडवे गाणारेही सांगत नाहीत.

आधी सनदच पाहू. राजाने हा प्रदेश दिला तो धर्मादाय म्हणून नव्हे. पेनचे वडील आरमाराचे सरदार होते आणि सरकारकडे त्यांचे १६,००० पौंड थकलेले होते. ते फेडण्यापेक्षा सुमारे ४५,००० चौरस मैल जंगल देणे राजाला सोपे गेले. ‘सिल्व्हेनिया’ला (वनभूमीला) ‘पेन’ हे नाव वडिलांच्या मानासाठी राजानेच जोडले. लोक आपल्याला आढ्यतेखोर म्हणतील म्हणून पेनने ते बदलून घेण्यासाठी दुय्यम सचिवाला वीस गिनी देऊ केल्या, पण उपयोग झाला नाही.

सनदेत मालकावर अटी होत्या. कायदे मुक्त नागरिकांच्या संमतीने करायचे. केलेले कायदे पाच वर्षांच्या आत लंडनला पाठवायचे. तिथे पोचल्यापासून सहा महिन्यांत प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाचे सल्लागार मंडळ, ते रद्द करू शकेल. मालकाचा एक मुखत्यार लंडनमध्ये किंवा जवळपास कायम हवा. वीस रहिवाशांनी मागणी केली तर इंग्लंडच्या चर्चचा धर्मोपदेशक येऊ द्यायचा. ‘नागरिकांची संमती’ हे शब्द सनदेत होते, ते पेनच्या घरचे नव्हते. शेजारच्या मेरीलँडच्या १६३२ च्या सनदेतही ते होते. संमती घ्यायची कशी, कोणाची, किती वेळा, हे मात्र मालकावर सोडले होते.

इथे पेनने पहिला घोळ घातला. १६८२ च्या त्याच्या घटनेत ७२ जणांचे कौन्सिल होते, तीन वर्षांच्या मुदतीचे, दरवर्षी एक तृतीयांश बदलणारे. खाली २०० जणांची असेंब्ली होती आणि पुढे ती ५०० पर्यंत वाढायची होती. कायदा मांडण्याचा अधिकार गव्हर्नर आणि कौन्सिलला. असेंब्लीने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे आणि घरी जायचे. कौन्सिलमध्ये गव्हर्नरला तीन मते. कागदावर हे फार विचारपूर्वक रचलेले दिसते. पेनने वीसच्या आसपास मसुदे करून पाहिले होते. पण पहिल्या पेरणीची घाई असलेल्या, झाडे तोडून लाकडाची खोपटी उभारणाऱ्या वस्तीत पावणेतीनशे माणसे आठवडेच्या आठवडे सभेला बसवायची कुठून? १६८३ मध्ये प्रत्येक काउंटीने (जिल्ह्याने) बाराच माणसे पाठवली आणि यांतूनच कौन्सिल आणि असेंब्ली दोन्ही भागवा असा अर्ज केला. त्याच वर्षी दुसरी घटना आली: सहा काउंट्यांतून प्रत्येकी तीन म्हणजे कौन्सिल १८ चे, प्रत्येकी सहा म्हणजे असेंब्ली ३६ ची. आकडे खाली आले. मांडण्याचा अधिकार मात्र वरच राहिला, आणि खरे पाणी तिथेच मुरत होते.

शिवाय मालक जागेवर नव्हता. पेन ऑक्टोबर १६८२ मध्ये उतरला आणि मेरीलँडचा मालक लॉर्ड बाल्टिमोर याच्याशी सीमेचा तंटा निपटायला ऑगस्ट १६८४ मध्ये परत गेला; पुन्हा आला तो डिसेंबर १६९९ मध्ये, दोन वर्षांसाठी. ज्या प्रांताला त्याचे नाव आहे तिथे तो आयुष्यात चार वर्षेही राहिला नाही. मागे त्याने ठेवलेले कारभारी बहुतेक फसले. १६८८ मध्ये जॉन ब्लॅकवेल या क्रॉमवेलच्या काळातल्या प्युरिटन सेनाधिकाऱ्याला त्याने गव्हर्नर नेमले. क्वेकरांवर सैनिक! मोठा शिक्का टॉमस लॉइड या क्वेकर पुढाऱ्याच्या ताब्यात होता. त्याने ब्लॅकवेलच्या नेमणूकपत्रांवर तो उमटवायलाच नकार दिला. शिक्क्यावाचून हुकूम म्हणजे नुसता कागद. १६९० पर्यंत ब्लॅकवेल वैतागून बाजूला झाला.

खरा पालट झाला तो घटनेच्या कलमांमुळे नव्हे, तर लढाईच्या खर्चामुळे. फ्रान्सशी युद्ध जुंपले, आणि न लढणाऱ्या क्वेकरांचा प्रांत राजाने १६९२ मध्ये पेनकडून काढून घेऊन न्यूयॉर्कचा गव्हर्नर बेंजामिन फ्लेचर याच्या हाताखाली दिला. त्याला सरहद्दीच्या बचावासाठी पैसा हवा होता. असेंब्लीने आधी जुने कायदे कायम करून घेतले, मग मालमत्तेवर पौंडामागे एक पेनी कर मंजूर केला. १६९४ मध्ये प्रांत पेनला परत मिळाला. पैशाची मागणी काही थांबली नाही. १६९६ मध्ये पेनचा चुलतभाऊ विल्यम मार्कम कारभार पाहत होता. त्याच्याशी सौदा झाला: असेंब्ली ३०० पौंड देईल आणि तिला स्वतः कायदे मांडण्याचा अधिकार मिळेल. पेनच्या वीस मसुद्यांनी जे दिले नव्हते ते तीनशे पौंडांनी दिले.

१७०१ ची सनद या सौद्यावरची पक्की मोहोर आहे. इंग्लंडमध्ये खासगी मालकांचे प्रांत खालसा करण्याचे विधेयक आले होते. पेनला घाईने लंडनला निघायचे होते, आणि जाण्यापूर्वी प्रजेची साथ हवी होती. २८ ऑक्टोबरला त्याने सही केली. दरवर्षी १ ऑक्टोबरला निवडणूक, १४ ऑक्टोबरला बैठक. स्वतःचा अध्यक्ष निवडणे, सभासदांची पात्रता ठरवणे, विधेयके मांडणे, अधिकाऱ्यांवर महाभियोग चालवणे, आणि सगळ्यांत मोलाचे म्हणजे स्वतःच्या ठरावाने बैठक तहकूब करणे. गव्हर्नर सभा बरखास्त करून तिचे तोंड बंद करू शकत नव्हता. कायदे करण्यात कौन्सिलचे नावही उरले नाही. इंग्रजांच्या अमेरिकेत असे एकच सभागृह असलेला प्रांत विरळाच. शेरीफ, म्हणजे काउंटीच्या कायदा-अंमलदारासाठी लोकांनी दोन नावे निवडायची, गव्हर्नरने त्यांतला एक नेमायचा. ही चौकट १७७६ पर्यंत टिकली. तिच्यामागे डेव्हिड लॉइड या वेल्श वकिलाची चिकाटी होती. तो भांडखोर होता, पेनशी त्याचे वैयक्तिक वितुष्ट होते, आणि पुतळे भांडखोरांचे उभे राहत नाहीत.

पेनचे श्रेय एका गोष्टीत निर्विवाद आहे, ते आधीच मान्य करतो. धर्मस्वातंत्र्याचे कलम त्याने कोणाच्या दबावाखाली घातले नाही. तो स्वतः श्रद्धेपायी तुरुंगात जाऊन आला होता. १७०१ च्या सनदेत ते पहिले कलम आहे आणि ते कधीही बदलायचे नाही असे लिहिले आहे. १७३० च्या दशकात फिलाडेल्फियात कॅथलिकांची उघड प्रार्थना चाले. इंग्लंडमध्ये तेव्हा ती कायद्याने बंद होती. अधिकारपदासाठी मात्र ख्रिस्तावर श्रद्धा हवी होतीच, त्यामुळे ज्यूंना दार बंद. आणि लंडनच्या कायद्यातल्या शपथांमुळे कॅथलिकही असेंब्लीबाहेर राहिले.

शपथेवरून आठवले. उदार कायदे टिकवण्याचा हा दुसरा धडा आहे. १६८२ च्या मूळ कायद्यात फाशी जवळजवळ फक्त खुनाला होती. चोराने दुप्पट भरपाई करायची, नाही तर कामघरात राबायचे. इंग्लंडमध्ये तेव्हा किरकोळ चोरीलाही दोर तयार असे. पण क्वेकर धर्मामुळे शपथ घेत नसत, नुसते ‘प्रतिज्ञेवर सांगतो’ म्हणत. लंडनला ते चालेना, आणि खुनाचे खटलेही अडून बसले: ज्युरी क्वेकर, साक्षीदार क्वेकर, न्यायाधीश क्वेकर. शेवटी १७१८ मध्ये तडजोड झाली. प्रतिज्ञा चालेल, पण बदल्यात इंग्लंडचा कठोर फौजदारी कायदा घ्यावा लागेल. एका झटक्यात डझनभर गुन्ह्यांना फाशी आली. आपली सद्सद्विवेकबुद्धी वाचवण्यासाठी क्वेकरांनी दुसऱ्यांच्या माना गहाण टाकल्या, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण व्यवहार तोच होता.

लंडनच्या नकाराधिकारावर असेंब्लीने काढलेली पळवाट मात्र गमतीची आहे. कायदे पाच वर्षांच्या आत पाठवायचे होते ना? मग नकोसे ठरू शकणारे कायदे थोड्या मुदतीचे करायचे. लंडनमध्ये कागद उघडेपर्यंत कायद्याचे काम झालेले आणि मुदत संपलेली. गरज पडली तर तोच कायदा पुन्हा नव्याने.

आता जमीन आणि पैसा. कारण सगळी भांडणे शेवटी तिथेच येतात.

पेनची सुरुवातीची किंमत ५,००० एकरांना १०० पौंड होती, आणि पुढे कायमचा सारा दर शंभर एकरांना वर्षाला एक शिलिंग. म्हणजे पाच हजार एकरांवर वर्षाला अडीच पौंड. करारातल्या मजबूर नोकराला मुदत संपल्यावर ५० एकर. पाच एकर तोडताना एक एकर झाडे राखायची, विशेषतः ओक आणि तुती, जहाजांसाठी आणि रेशमासाठी. मोजणीची पद्धत अशी: जमीन कचेरीत अर्ज, त्यात एकर आणि ढोबळ जागा, मग कचेरीचे वॉरंट (मोजणीचा हुकूम), मग दुय्यम मोजणीदार साखळी घेऊन जाई. गंटरची साखळी ६६ फुटांची. कोपऱ्यावरच्या पांढऱ्या ओकला किंवा हिकरीला कुऱ्हाडीने खूण, रस्त्यांसाठी सहा टक्के जमीन जादा. मग मोजणीचा कागद कचेरीत परत. आणि सगळी रक्कम भरल्यावर पेटंट, म्हणजे पक्का मालकीपट्टा.

यात घोटाळे जागोजागी होते. खुणेचे झाड वाळे किंवा कोणी तोडे, आणि हद्द हवेत राही. दोन मोजण्या एकमेकींवर चढत. आणि मुख्य म्हणजे, पेटंट घेतले की पूर्ण रक्कम आणि साऱ्याचा हिशेब अंगावर येई, म्हणून कित्येक जण वॉरंटवरच वर्षानुवर्षे नांगर चालवत. नदीकाठच्या जुन्या शेतकऱ्यांना सारा म्हणजे सरंजामी जोखड वाटे, ते थकवत. पश्चिमेकडे आलेल्या आयर्लंडच्या स्कॉट लोकांनी तर वॉरंटही घेतले नाही. इतके ख्रिस्ती लोक कसायला जमीन मागत असताना ती पडीक ठेवणे देवाच्या कायद्याविरुद्ध आहे, असे त्यांनी जमीन कचेरीच्या माणसांना ऐकवले. हे ख्रिस्ती लोक जिच्यावर उभे होते त्या ‘पडीक’ जमिनीवर पूर्वीपासून कोण राहत होते, हा प्रश्न त्या युक्तिवादात बसत नव्हता.

पेनला म्हणूनच पैसा मिळालाच नाही. १७०८ मध्ये स्वतःच्या कारभाऱ्याच्या कुटुंबाचे देणे थकल्यापायी तो लंडनच्या फ्लीट तुरुंगात होता. १७१२ मध्ये राज्यकारभाराचा हक्क राणीला १२,००० पौंडांना विकायचे ठरले, हजार पौंड विसारही मिळाला, आणि सही होण्यापूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. १७१८ मध्ये तो वारला, तो कर्ज ठेवूनच.

प्रजेकडे मात्र त्याच काळात एक नवे हत्यार आले. प्रांतात नाणे नव्हते. जे येई ते इंग्लंडच्या मालाच्या किमतीत बाहेर जाई. गहू होता, पीठ होते, पण देणे फेडायला चांदी नाही. १७२३ मध्ये असेंब्लीने आधी १५,००० आणि वर्षअखेरीस आणखी ३०,००० पौंडांचे कागदी चलन काढले. ते वाटले मात्र नाही, कर्जाने दिले. कर्जकचेरीत शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवायची, कर्जाच्या दुप्पट किमतीची.  व्याज पाच टक्के. पहिल्या कायद्यात मुद्दलाचा आठवा हिस्सा दरवर्षी परत. १०० पौंड घेतले तर पहिल्या वर्षी साडेबारा पौंड मुद्दल आणि पाच पौंड व्याज, दुसऱ्या वर्षी व्याज साडेसत्याऐंशीवर, असे उतरत जाणारे. परत आलेल्या नोटा जाळायच्या. नोटेची नक्कल करणाऱ्याला कान छाटण्याची आणि फटक्यांची शिक्षा.

कागदी पैसा बुडतो, हे त्या काळी सगळ्यांनी धरूनच चालले होते; न्यू इंग्लंडच्या काही प्रांतांत तो बुडालाही. पेन्सिल्व्हेनियात बराच काळ टिकला, कारण प्रत्येक नोटेमागे मोजलेली, नोंदलेली जमीन होती आणि वसुली नियमित होती. आणि असेंब्लीला घबाड मिळाले ते व्याजाचे. दारूवरची जकात आणि कर्जकचेरीचे व्याज या दोहोंवर १७५५ पर्यंत प्रांताचा खर्च भागला. सर्वसाधारण मालमत्ता कर लावावाच लागला नाही. हे व्याज असेंब्लीची माणसे असेंब्लीच्या ठरावाने खर्च करत, त्यात गव्हर्नरची सही लागत नसे. आपल्याकडे सार्वजनिक निधीवर कोणाची सही चालते यावरून ग्रामपंचायतीपासून वर सगळीकडे जे राजकारण होते ते जाणणाऱ्याला या एका वाक्याचे वजन सांगावे लागणार नाही.

गव्हर्नरची अवस्था पाहा. त्याला नेमणारे पेनचे मुलगे, लेखी सूचना त्यांच्या, आणि त्या पाळण्यासाठी जामीनखतही त्यांच्याकडे. पगार देणार असेंब्ली. १७४० मध्ये गव्हर्नर जॉर्ज टॉमसने स्पेनविरुद्धच्या मोहिमेसाठी करारातले नोकर भरती केले. त्या नोकरांच्या धन्यांनी बोंब मारली, असेंब्लीने टॉमसचा पगार अडवला. १७४३ मध्ये त्याने विधेयकांवर सह्या केल्या आणि त्याच सुमारास १,५०० पौंड त्याच्या हाती पडले. उघड देवघेव. लाच म्हणावी का? मी म्हणणार नाही. इंग्लंडच्या पार्लमेंटने राजांकडून हक्क काढले ते असेच, पैसा आणि गाऱ्हाणे एकाच तराजूत घालून.

युद्धासाठी पैसा मागितला की क्वेकर सभासदांची पंचाईत होई. तो ‘राजाच्या कामासाठी’ या नावाने देत आणि काम कोणते ते विचारत नसत. एकदा ब्रेड, पीठ, गहू ‘किंवा इतर धान्य’ घेण्यासाठी रक्कम मंजूर झाली आणि गव्हर्नरने बंदुकीची दारू घेतली, कारण तिचेही दाणेच असतात. ही हकिकत बेंजामिन फ्रँकलिनने लिहून ठेवली आहे. तो चौदा वर्षे या असेंब्लीचा सभासद होता.

मूळ तंटा १७५५ मध्ये फुटला. जुलैत फ्रेंचांवर निघालेली इंग्रज जनरल ब्रॅडॉकची फौज पश्चिमेच्या जंगलात कापली गेली, सरहद्दीवर घरे जळू लागली. असेंब्लीने सगळ्या जमिनींवर कर लावला, पेन कुटुंबाच्या जमिनींसकट. गव्हर्नर मॉरिसला सूचना होती: मालकाच्या जमिनीवर कर नाही. लोक मरत असताना महिनोन् महिने हा वाद चालला. शेवटी पेन कुटुंबाने ५,००० पौंडांची ‘देणगी’ जाहीर केली आणि असेंब्लीने त्यांच्या जमिनी वगळून ६०,००० पौंडांचा कायदा केला. ती देणगी द्यायची होती थकलेल्या साऱ्यातून! म्हणजे जे लोक सारा देत नव्हते त्यांच्याचकडून वसूल करून. १७५९ मध्ये पुढचा गव्हर्नर डेनी मालकाची सूचना झुगारून मालकाच्या जमिनीवरही कर लावणाऱ्या कायद्यावर सही करून बसला.

इथपर्यंतची कथा प्रजेच्या विजयाची आहे आणि मला ती आवडते. पण मालकावर पडलेला दाब कुठेतरी सुटणार होताच. सारा वसूल होत नाही, असेंब्ली पैसा देत नाही, बापाचे कर्ज डोक्यावर. पेनच्या मुलांकडे एकच माल उरला होता: न विकलेली जमीन. १७३२ मध्ये शंभर एकरांचा दर १० पौंडांवरून १५ पौंड १० शिलिंगांवर गेला. आणि विकायला जमीन हवी तर ती लेनापी लोकांकडून, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांकडून, सोडवून घ्यायला हवी.

१६८६ चा म्हणून एक कागद काढला गेला: माणूस दीड दिवसात चालेल तितके अंतर पेनला दिलेले. लेनापींच्या समजुतीप्रमाणे ते चालणे म्हणजे नदीकाठाने, विसावे घेत चालणे. सप्टेंबर १७३७ मध्ये राइट्सटाउनहून तीन निवडक तरुण धावतच सुटले. वाट आधीच साफ करून ठेवलेली. जिंकणाऱ्याला पाच पौंड आणि पाचशे एकरांचे आमिष. दोघे दमून पडले, एडवर्ड मार्शल साठ मैलांच्या पुढे पोचला. मग मोजणीदारांनी तिथून नदीकडे सरळ जवळची रेषा न काढता काटकोनात ईशान्येला काढली. हाती आले सुमारे १,२०० चौरस मैल. त्यातला काही भाग पेनच्या मुलांनी हे चालणे होण्याआधीच विकून टाकलेला होता. वर सांगितलेली वॉरंट, साखळी, मोजणीचा कागद ही सगळी चोख यंत्रणा इथेही वापरली गेली. पेनने १६८१ च्या अटींत वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्या तंट्यासाठी सहा-सहा जणांचे पंच ठेवायचे लिहिले होते. नुटिमस आणि इतर लेनापी प्रमुखांच्या तक्रारीपुढे असे पंच बसले नाहीत. असेंब्लीत त्यांचा माणूस नव्हता आणि तिजोरीत अडवायला त्यांच्याकडे काही नव्हते. १७५५ मध्ये सरहद्दीवर जळणाऱ्या घरांमागे ही जमीनही होती. १७५६ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नरने डेलावेअर लोकांविरुद्ध (इंग्रज लेनापींना याच नावाने ओळखत) युद्ध पुकारले: बारा वर्षांवरच्या पुरुषाच्या टाळूच्या कातड्याला १३० स्पॅनिश डॉलर, बाईच्या ५०. सहा क्वेकर सभासदांनी राजीनामे दिले. बाकीचे राहिले.

किल्ली न मिळालेले आणखी होते. १७०६ च्या कायद्याने मत द्यायला ५० एकर जमीन, त्यातली १२ साफ केलेली, नाही तर ५० पौंडांची मालमत्ता आणि दोन वर्षांचे वास्तव्य हवे. शहरातले कारागीर, मजूर, सगळ्या बायका बाहेर. करारातला नोकर एक दिवस पळाला तर त्याची पाच दिवसांनी मुदत वाढे. सुटताना दोन पोशाख, एक कुऱ्हाड, दोन कुदळी. १६८४ मध्येच ‘इझाबेला’ जहाजातून १५० आफ्रिकी गुलाम उतरले आणि फिलाडेल्फियाच्या बाजारात विकले गेले. १७०० पासून त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये. १६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चार जणांनी गुलामीविरुद्ध लेखी निषेध दिला. क्वेकर सभांनी तो एकमेकींकडे ढकलला आणि ठेवून दिला.

गोऱ्या शेतकऱ्यांतही वाटणी सारखी नव्हती. १७६० च्या दशकात असेंब्लीच्या ३६ जागांपैकी पूर्वेच्या फिलाडेल्फिया, चेस्टर, बक्स या काउंट्यांना आठ-आठ आणि फिलाडेल्फिया शहराला दोन, म्हणजे २६. लँकेस्टरला चार, यॉर्क आणि कंबरलँडला दोन-दोन, बर्क्स आणि नॉर्थहॅम्प्टनला एकेक, म्हणजे १०. डिसेंबर १७६३ मध्ये सरहद्दीवरच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या पॅक्स्टन टोळीने कॉनेस्टोगाचे वीस निःशस्त्र मूळ रहिवासी दोन खेपांत कापले, त्यांतले चौदा लँकेस्टरच्या कामघरात सरकारी आश्रयाखाली होते. फेब्रुवारीत टोळी फिलाडेल्फियावर चालून आली तेव्हा तिच्या गाऱ्हाण्यांच्या कागदावर पहिली तक्रार हीच होती: आम्हाला दहा, तुम्हाला सव्वीस. तक्रार आकड्यांनी खरी होती. तिचा सूड ज्यांच्यावर निघाला त्यांना त्या छत्तीसांत एकही जागा नव्हती.

मुंबईकडे पुन्हा वळतो, कारण तुलनेने एक गोष्ट स्पष्ट होते. इथेही सौदा झाला होता. १६७२ मध्ये गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियरने बेटावरच्या जमीनदारांशी करार केला: त्यांनी कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन (पोर्तुगीज नाणे) द्यावेत, कंपनीने त्यांच्या जमिनी कायम कराव्यात. मुंबईच्या जुन्या जमीनदप्तरातला ‘पेन्शन’ हा शब्द याच रकमेचा वारस. पण हा सौदा एकदाच झाला, कायमचा. दरवर्षी नव्याने संमती मागण्याची कंपनीला गरजच नव्हती; तिचा मोठा पैसा व्यापारातून येई. पेनकडे व्यापार नव्हता, फौज नव्हती, म्हणून त्याला सभेच्या दारात जावे लागले. डिसेंबर १६८३ मध्ये कंपनीने खर्च कापल्याने चिडलेल्या रिचर्ड केग्विनने मुंबईचा किल्ला राजाच्या नावाने ताब्यात घेतला, तेव्हाही बंड शिबंदीचे होते; निवडून आलेली सभा नव्हतीच. त्याच्याकडून १६८४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई परत घेणारा सर टॉमस ग्रँटम हा पूर्वी व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीत गव्हर्नरविरुद्ध उठलेल्या बेकनच्या बंडखोरांशी बोलणी करून त्यांना शस्त्रे खाली ठेवायला लावणारा तोच जहाजी कप्तान. साम्राज्याला आग विझवणारी माणसे दोन्हीकडे सारखीच लागत.

यावर आक्षेप असा येईल की पेनच्या सनदेने सभेला जागाच दिली नसती तर पैसा अडवणार कोण? बरोबर आहे. शेजारी न्यूयॉर्कमध्ये राजाचा भाऊ मालक होता. तिथे १६८३ पर्यंत असेंब्लीच नव्हती, आणि आली तीही तो राजा झाल्यावर बंद पडली. सनद दार उघडते, हे मी नाकारत नाही. पण दारातून आत गेल्यावर सत्ता मोजायची ती कर्जकचेरीच्या वहीवर; आणि न्याय मोजायचा तो मतदारयादीत कोण नाही त्यावरून. पेन्सिल्व्हेनियाने पहिली गोष्ट उत्तम जमवली. दुसरी तिने जमवायचा प्रयत्नच फारसा केला नाही.

१७७९ मध्ये, अमेरिकेने इंग्लंडचे राज्य झुगारल्यानंतरच्या असेंब्लीने पेन कुटुंबाची न विकलेली जमीन आणि तिच्यावरचा सारा काढून घेतला. त्यांचे खासगी मळे त्यांच्याकडेच ठेवले आणि वर १,३०,००० पौंड भरपाई ठरवली. दीड दिवसाच्या चालण्यात गेलेल्या जमिनीचे लेनापी तेव्हा ओहायोच्या बाजूला होते. त्यांच्या नावाने त्या कायद्यात रक्कम नव्हती.